डागातला धुरा

मित्रांनो, मी एक जुना शाईचा डाग आहे. हसू नका. फाटकी छत्री, मोडकी खुर्ची, वठलेले झाड आपापली कहाणी सांगतात तेव्हा तुम्ही माना डोलावता. मग डागानेच तुमचे काय घोडे मारले आहे? एवढे मात्र आधीच कबूल करतो की, माझी कहाणी मलाच नीट उमगलेली नाही. जे पाहिले आणि जे ऐकले ते सांगतो. अर्थ तुम्ही लावा. आजवर सगळ्यांनी माझा अर्थच लावला आहे.

माझा जन्म पुण्याच्या एका छापखान्यात झाला. त्याआधी कुठेतरी कोणीतरी मुद्दाम कागदावर काळी शाई सांडली, कागद मधोमध दुमडला, दाबला आणि उलगडला. डावीकडे जसा डाग उमटला तसाच उजवीकडे उमटला आणि मध्ये घडीची एक रेघ राहिली. हा कागद छापायला आला तेव्हा छापखान्यातले लोक बुचकळ्यात पडले. कागदावर डाग पडू नये म्हणून जन्मभर जपणारी ती माणसे! त्यांना आता डागच छापायचा होता, आणि तोही हुबेहूब. एका कामगाराने तर "ही प्रत खराब झाली" म्हणून मला रद्दीत टाकले. बिचाऱ्याचे काय चुकले? शेवटी मला तिथून शोधून काढण्यात आले, जाड पुठ्ठ्यावर चिकटवण्यात आले आणि माझ्यासारख्याच इतर डागांबरोबर एका डब्यात घालण्यात आले.

तो डबा विकत घेतला मधुकररावांनी. मधुकरराव पुण्याचे. माणसाच्या मनाचा अभ्यास करणे हे त्यांचे काम. एकोणीसशे शहात्तर साली त्यांना वर्ध्याच्या एका दवाखान्यात नोकरी लागली आणि त्यांच्या ट्रंकेतून मीही वर्ध्याला आलो. तिथले लोक त्यांना डॉक्टरसाहेब म्हणत. खोलीत आले की जीभ बाहेर काढीत आणि सुई मिळाली नाही की नाराज होत. सुईऐवजी मधुकरराव मला त्यांच्यासमोर धरीत आणि विचारीत, "यात तुम्हाला काय दिसतं? बरोबर-चूक असं काही नसतं. जे दिसेल ते सांगा."

मित्रांनो, काय काय दिसले म्हणून सांगू! पुलगावच्या कापड गिरणीतल्या एका कामगाराला माझ्यात रुईचा ढीग दिसला. बोरगाव मेघेच्या एका किराणा दुकानदाराला सांडलेला गूळ दिसला, त्याला लागलेल्या मुंग्याही दिसल्या. एका शाळामास्तरांनी मला नकाशा ठरवले आणि उत्तराला गुण किती आहेत ते विचारून घेतले. मधुकरराव कोणालाच "बरोबर" म्हणत नसत आणि कोणालाच "चूक" म्हणत नसत. मात्र प्रत्येकाचा शब्द ते अगदी गंभीर चेहऱ्याने लिहून घेत. बरोबर नाही, चूकही नाही, तर मग लिहायचे कशाला? मी पुष्कळ डोके खाजवले असते, पण मला डोके आहे की नाही हेही कोणी नक्की सांगत नव्हते.

मधुकरराव माणूस मोठा सज्जन. वर्ध्याकडची बोली त्यांना सुरुवातीला कळत नसे. एकदा एकजण म्हणाला, "बंडी पलटली, साहेब, तवापासून मनात भेव भरलं." मधुकरराव अंगातल्या बंडीचा विचार करीत बसले. ती उलटी घातली गेली तर त्यात घाबरण्यासारखे काय, हे त्यांना कळेना. इकडे बैलगाडीला बंडी म्हणतात हे समजल्यावर ते स्वतःलाच हसले. पुढे त्यांनी असे बरेच शब्द शिकून घेतले. वावर म्हणजे शेत, काऊन म्हणजे का, हे सारे त्यांना येऊ लागले. म्हणूनच आपल्याला आता इकडची भाषा येते असे त्यांना वाटले. सगळा घोळ इथेच झाला.

दोन वर्षांनी तानबा आमच्या खोलीत आला. तानबा नाचणगावच्या पलीकडच्या एका खेड्यातला शेतकरी. शेजारच्या शेताचा मालक लक्ष्मणराव याचा खून केल्याचा त्याच्यावर आरोप होता. पोलिसांच्या कागदात असे लिहिले होते की, शेताच्या बांधावरून दोघांचा जुना वाद होता, त्या सकाळी बांधावर झटापट झाली, लक्ष्मणराव दगडावर आपटून मेला, आणि त्या वेळी त्याच्या शेतात काडीकचरा पेटवलेला होता. तानबा पोलिसांपुढे एक शब्दही बोलला नव्हता. कोठडीत तो भिंतीकडे तोंड करून बसे. म्हणून त्याचे वकील सदाशिवराव यांनी कोर्टाकडे अर्ज केला की, या माणसाचे मन ठिकाणावर आहे का हे तपासावे. कायदा असा आहे, मित्रांनो, की वेडाच्या भरात आपण काय करतो हेच ज्याला कळत नव्हते, त्याला शिक्षा होत नाही. तानबाला फाशी की वेड्यांचा दवाखाना, हे आता मधुकररावांच्या शब्दावर ठरायचे होते. काही अंशी माझ्यावरही.

शिपाई दाराबाहेर थांबला. तानबा खुर्चीच्या काठावर बसला. मधुकररावांनी मला त्याच्या हातात दिले आणि नेहमीचा प्रश्न विचारला. तानबा बराच वेळ पाहत राहिला. त्याचा अंगठा इतका खरखरीत होता की मला पुठ्ठ्यावर पुठ्ठा घासल्यासारखे वाटले.

"दोन वावरं हायेत," तो म्हणाला. "मधात धुरा हाये."

मधुकररावांची लेखणी थांबली. पेटलेल्या काडीकचऱ्याचे त्यांच्या लक्षात होते. त्यांनी मऊ आवाजात विचारले, "धूर? कुठून येतो हा धूर?"

पुण्याकडे धुऱ्याला असेच म्हणत असतील असे तानबाला वाटले असावे. तो म्हणाला, "लक्ष्मणरावच्या वावराकडून येते. दरसाल माह्याकडं सरकते."

"तुम्हाला तो दिसतो?"

"दिसते ना, साहेब. साऱ्यायले दिसते. पन बोलत कोनी नाई."

"आत्ता या खोलीत दिसतोय का?"

तानबाने माझ्या मधल्या रेघेवर बोट ठेवले. "हा काय. इथंच तं हाये."

"वास येतो त्याचा?"

हा प्रश्न तानबाला चमत्कारिक वाटला असावा. पण साहेबांनी विचारले म्हणून त्याने विचार केला आणि प्रामाणिकपणे सांगितले, "ओल असली का येते."

"आणि लक्ष्मणराव कुठे होता?"

"धुऱ्यावर उभा होता. मी म्हनलं, धुऱ्यावरून उतर. नाई उतरला."

मधुकररावांच्या डोळ्यांत दया दाटून आली. त्यांनी लिहिले की, या माणसाला धूर दिसतो, त्याचा वास येतो, धूर आपल्याकडे सरकतो असे वाटते, धुरावर माणूस उभा दिसतो. मला तर काहीच कळेना. माझ्यात धूर आहे हे मला पहिल्यांदाच कळत होते. पण रुईचा ढीग असू शकतो, तर धूर का नसावा, असे म्हणून मी गप्प राहिलो. आणि बोलणार तरी कसा होतो?

चार दिवसांनी वकील सदाशिवराव खोलीत आले. वर्ध्याचेच, कोर्टात केस पांढरे झालेले गृहस्थ. मधुकररावांचे टिपण वाचताना त्यांचे बोट एका शब्दावर थांबले. त्यांनी एकदा मधुकररावांकडे पाहिले, एकदा माझ्याकडे पाहिले आणि कागद घडी करून टेबलावर परत ठेवला. "ठीक आहे, डॉक्टरसाहेब," एवढेच म्हणाले. मला वाटले, त्यांना धुराचे वाईट वाटले असेल.

मग तानबाच्या बायकोला बोलावणे गेले. देवकाबाई आल्या, दाराशीच चपला काढून भिंतीला टेकून बसल्या. मधुकररावांनी फार आग्रह केला तेव्हा खुर्चीवर आल्या. आजार कधीपासून आहे ते कळावे म्हणून मधुकररावांनी विचारले, "बाई, यांना धूर कधीपासून दिसतो?"

"कायचा धूर?" देवकाबाई म्हणाल्या.

मधुकररावांनी तानबाची वाक्ये वाचून दाखवली. दुसऱ्याच वाक्याला देवकाबाईंनी तोंडावर हात ठेवला. "अवो साहेब, धूर नाई! धुरा म्हनत असतीन थे. दोन वावराच्या मधात राह्यते ना, मातीचा, गवत असते त्याच्यावर, त्याले धुरा म्हनते. तुमच्याकडं काय म्हनते त्याले?"

मधुकररावांनी पोलिसांचा कागद पुढे ओढून पाहिला. मग अगदी हळू म्हणाले, "बांध."

पोलिसांच्या कागदात ठिकठिकाणी बांधच लिहिला होता. तोच बांध तानबा त्यांना बोटाने दाखवत होता आणि ते त्याला वास विचारत बसले होते. "ध"चा "मा" झाल्याची गोष्ट तुम्ही शाळेत ऐकली असेल. इथे "ध" आपल्या जागेवर शाबूत होता, मित्रांनो. शेवटचा एक काना तेवढा ऐकणाऱ्याच्या कानातून गळला, आणि धड शहाणा माणूस वेडा झाला. मधुकररावांनी धुराच्या जागी धुरा घालून सगळे टिपण पुन्हा वाचले. लक्ष्मणराव दरसाल नांगर थोडा आत घालतो, बांध आपल्याकडे सरकतो, सगळ्यांना दिसते, कोणी बोलत नाही, ओल असली की मातीचा वास येतो. एकही वाक्य वेडे नव्हते.

आता सगळे सुरळीत होणार असे मला वाटले. पण त्याच दुपारी सदाशिवराव आले, आणि पुन्हा सारे गढूळ झाले.

"तुम्हाला ठाऊक होतं?" मधुकररावांनी विचारले.

"पयल्याच दिवशी कळलं," सदाशिवराव म्हणाले. "पण मी काऊन सांगू? डॉक्टरसाहेब, हा धूर माणसाले वाचवून राह्यला. धुरा म्हटलं का भांडणाचं कारण आलं. कारण आलं का खून आला. धूर म्हटलं तर जास्तीत जास्त काय, तानबा नागपूरच्या पागलखान्यात राहीन. जिवंत तर राहीन!"

देवकाबाई कोपऱ्यात ऐकत होत्या. त्यांनी स्वतःच्या तोंडावर थापट मारून घेतली. "आग लागो माह्या तोंडाले! मी काऊन बोलली?" म्हणत त्या रडू लागल्या. मग रडता रडता मध्येच थांबल्या. "पन मंग थे पागल तं नाई ना, साहेब? मले आठ दिवसापासून तेच भेव होतं." इतके म्हणून त्या हसल्या, आणि पुन्हा रडू लागल्या.

मी चक्रावून गेलो. इतकी वर्षे मी ऐकत आलो होतो की, वेड लागणे वाईट. इथे वकील म्हणत होता की वेडच बरे. खरे बोलणे चांगले, असे मुलांना शिकवतात. इथे खरे बोलणारी बाई स्वतःला मारून घेत होती. मधुकरराव संध्याकाळपर्यंत मला हातात धरून बसले. तेही कधी नव्हे ते माझ्यात काहीतरी शोधत होते. त्यांना काय दिसले, ते त्यांनी कोणाला सांगितले नाही.

शेवटी त्यांनी ठरवले की तानबालाच विचारायचे. त्याला पुन्हा आणले. सदाशिवरावही बसले. मधुकररावांनी आधी त्याची माफी मागितली आणि दोन्ही वाटा समजावून सांगितल्या. मग मला पुढे करून म्हणाले, "आता धुऱ्यावर काय झालं ते सांगा."

तानबा पहिल्यांदाच सलग बोलला. "त्यानं वखर धुऱ्यावर घातला, साहेब. मी आडवा झालो. त्यानं बंडीची उभारी उपसली अन् माह्या डोक्शावर उगारली. मी त्याले लोटलं. मांगं धुऱ्याचा गोटा होता. माह्या मनात त्याले मारायचं नव्हतं. लहानपनी आम्ही संग बोरं खाल्ली त्या धुऱ्यावर."

"हे आधी कोणाला का नाही सांगितलं?"

"थो मेला ना, साहेब. मेलेल्या मान्साच्या नावानं काय सांगू?"

सदाशिवराव पुढे झुकले. "तानबा, नीट ऐक. तुह्याकडं साक्षीदार नाई. तू शहाणा ठरला तर फाशीही होऊ शकते. पागल ठरला तर वाचशीन. तुह्या बायकोकडं पाहून तरी ऐक."

"तिच्याकडंच पाहून राह्यलो," तानबा म्हणाला. "वकीलसाहेब, पागलाचा धुरा कोन मानते? मी पागल झालो का लोक चहूकडून वावरात शिरतीन. मंग थे एकटी काय करीन? मी पागल नाई. तसंच लिहा."

मधुकररावांनी तसेच लिहिले.

खटल्याच्या दिवशी मीही कोर्टात गेलो. मधुकररावांनी साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभे राहून आपली चूक सगळ्यांसमोर सांगितली. सरकारी वकिलाने त्यांची चांगलीच उलटतपासणी घेतली. "आधी धूर म्हणता, आता धुरा म्हणता. उद्या आणखी काही म्हणाल. आम्ही काय धरायचं?" लोक हसले. मधुकररावांचे कान लाल झाले, पण ते म्हणाले, "मी चुकलो, तानबा चुकला नाही. तो पहिल्यापासून एकच गोष्ट सांगत होता." मग न्यायाधीशांनी मला मागवले. त्यांनी मला सरळ धरले, उलटे धरले, आणि त्यांची नजर मधल्या रेघेवर थांबली. मी जीव मुठीत धरून होतो. पण तेही मधुकररावांसारखेच निघाले, काय दिसले ते बोलले नाहीत.

उभारी, म्हणजे बैलगाडीच्या कडेचा लाकडी दांडा, घटनेच्या जागी सापडली होती, पण तिच्याकडे तोवर कोणी लक्ष दिले नव्हते. आता तानबाच्या सांगण्याशी ती जुळली. न्यायाधीशांनी निकाल दिला की, आरोपीचे मन शाबूत आहे. हा खून नाही, पण त्याच्या हातून माणूस गेला आहे, त्यामुळे शिक्षा होईल. फाशी टळली. देवकाबाईंनी पदराने डोळे पुसले. मग रिवाजाप्रमाणे न्यायाधीशांनी तानबाला विचारले, "शिक्षेबद्दल तुला काही सांगायचं आहे?"

सदाशिवराव त्याला खुणावत होते, हात जोड, दया माग, बायकोचे नाव घे. तानबाने हात जोडले आणि म्हणाला, "साहेब, तेवढा धुरा मोजून द्या."

कोर्टात हशा पिकला. सदाशिवरावांनी कपाळाला हात लावला. आणि मी पुन्हा गोंधळलो. हा माणूस तुरुंगात निघाला आहे आणि बांध मोजून मागतो आहे. आम्ही शहाणा म्हणून लिहून दिले ते बरोबरच होते ना?

तेवढ्यात मागच्या बाकावरून एक बाई उभी राहिली. लक्ष्मणरावाची विधवा, कौशल्याबाई. आता ही शिव्याशाप देणार, असे मला वाटले.

"मोजा जी," ती म्हणाली. "एकडाव मोजूनच टाका. माहाई मानूस त्याच्यातच गेला."

न्यायाधीशांनी चष्मा काढून पुसला. मग ते म्हणाले की, जमिनीची मोजणी या कोर्टाच्या अखत्यारीत येत नाही, त्यासाठी वेगळ्या कचेरीत जावे लागेल. मित्रांनो, हे मला आजही समजलेले नाही. ज्या कोर्टाला माणसाला फासावर चढवता येते, त्याला वावराचा धुरा मोजता येत नाही?

तानबाला पाच वर्षांची शिक्षा झाली. पुढे पुष्कळ घडले. मधुकररावांची बदली झाली, नवीन साहेब आले, त्यांनी डागांचे नवे चकचकीत पत्ते आणले आणि मला कपाटाच्या तळाशी टाकले. माझ्या कडा वाळवीने कुरतडल्या, डावी बाजू आता उजवीसारखी राहिली नाही. पण मधुकरराव बदलीच्या गावी जाईपर्यंत त्यांच्या टेबलावर एक नेम होता. कोणी काहीही सांगितले की लिहिण्याआधी ते विचारीत, "म्हणजे काय?" लोकांना वाटे, साहेबांना ऐकू कमी येते. साहेब हसून पुन्हा विचारीत.

माझी मागणी मोठी नाही. मला कपाटातून काढा, पुसा, काचेत लावा, असे मी म्हणत नाही. मी डाग आहे. मला कोणी गूळ म्हटले, कोणी नकाशा म्हटले, तरी माझे काही बिघडत नाही. पण तुमच्यासमोर माणूस बसला असेल आणि त्याचे बोलणे तुम्हाला वेडगळ वाटले, तर घाई करू नका. एकदा विचारा, "म्हणजे काय?" उत्तर येईपर्यंत थांबा.

आणि त्या दिवसाचे एवढे सांगायचे राहिले. कोर्टातून बाहेर पडताना मी मधुकररावांच्या पिशवीत होतो. पायऱ्यांवर देवकाबाई आणि कौशल्याबाई एकमेकींपासून लांब उभ्या होत्या. तानबाला घेऊन पोलिसांची गाडी निघून गेली. मग कौशल्याबाईंनी विचारले, "पुलगावची यष्टी कोठून लागते वं?"

"चाल, मलेई तिकडंच जायचं हाये," देवकाबाई म्हणाल्या.

दोघी निघाल्या. ती माया होती, की एकाच गावाला जाणारी एकच गाडी होती म्हणून, ते मला ठाऊक नाही. थोडे पुढे गेल्यावर देवकाबाईंचा आवाज आला, "मोजनीचा अर्ज दोघीयच्या नावानं देऊ."